गुलमोहराच्या ढोलीत मुंग्या, आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी: झाडं आतून पोखरली गेली आहेत का?

सेक्टरबाग_नेरुळ

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीच्या आवारात तीन झाडांवर मुंग्यांनी घर केलं आहे आणि त्यावरून समितीत दोन तट पडले आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत निर्णय हवा आहे, म्हणून सगळे तपशील देतो.

पहिलं झाड गेटजवळचा गुलमोहर. छातीच्या उंचीला घेर १६५ सें.मी. जमिनीपासून साडेपाच फुटांवर पूर्वी एक जाड फांदी खोडाला अगदी चिकटून कापली होती. तिथे आता ढोली झाली आहे, तोंड साधारण १२ सें.मी. रुंद. आतून मुंग्यांची सतत ये-जा चालू असते. डोकं आणि पोट काळं, मधला भाग नारिंगी-तांबडा, अंगाने लांबट. ढोलीच्या खाली थोडा भुसा पडतो. बुंध्याशी मोठ्या काळ्या मुंगळ्यांची बिळं आहेत, ती वेगळी.

दुसरा आंबा. पानं एकमेकांना जोडून केलेले लाल मुंग्यांचे सहा-सात गोळे आहेत. कोवळ्या डहाळ्यांवर पांढरं कापसासारखं काहीतरी आहे आणि खालची पानं काजळी धरल्यासारखी काळी झाली आहेत.

तिसरा रेन ट्री. वरच्या फांदीवर फुटबॉलएवढा तपकिरी-काळा गोळा आहे, जुन्या पुठ्ठ्याचा केल्यासारखा.

झाडं छाटणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं असं: गुलमोहर मुंग्यांनी आतून खाल्ला आहे, तो काढून टाका. काढायचा नसेल तर ढोलीत रॉकेल ओता आणि वरून सिमेंट भरा. बाकी दोघांवर औषध मारा. मुंग्या असणं म्हणजे झाड आजारी, हे खरं आहे का? आणि गेटवर पडण्याची भीती किती धरायची?

---

ढोलीवाचक

सुरुवात ठेकेदाराच्या वाक्यापासून करतो, कारण ते प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. मुंग्या लाकूड खात नाहीत. लाकूड पचवणारी ती वाळवी. मुंगीचं अन्न गोड स्राव आणि दुसरे किडे. काही जातीच्या मुंग्या लाकूड कुरतडून जागा मोठी करतात, पण तेही बहुतेक आधीच भुसभुशीत झालेलं. निरोगी, ओलं, कठीण लाकूड पोखरत बसणं त्यांना परवडत नाही.

तुमच्या गुलमोहरात काय झालं असेल ते बघा. फांदी खोडाला चिकटून कापली, म्हणजे फांदीच्या बुडाशी जी फुगीर कडा असते तीही गेली. जखम बंद करण्याचं काम मुख्यतः त्या कडेतून होतं. उघड्या लाकडात बुरशी शिरली, लाकूड मऊ झालं, त्यात भुंग्यांच्या अळ्यांनी बोगदे केले आणि ते रिकामे झाल्यावर मुंग्या राहायला आल्या. सगळ्यात शेवटी आलेल्यावर आळ घेतला जातोय.

वर्णनावरून या मुंग्या टेट्रापोनेरा रूफोनायग्रा वाटतात. आपल्याकडे झाडांच्या वाळलेल्या भागात ही जात सर्रास असते. घर मोठं नसतं, पण डंख जबरदस्त असतो. लाल मुंगी चावते, ही नांगी मारते. काही लोकांना या डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी येऊन श्वास अडकू शकतो. माळी ढोलीत हात घालणार असेल तर जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. डंखानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर वाट न बघता रुग्णालयात न्यायचं.

आता त्या मुंग्यांवरून काय कळतं? इतकंच की इथे मेलेलं, बऱ्यापैकी कोरडं लाकूड आहे. ते किती आहे हे मुंगी सांगत नाही. दहा सें.मी. खोल खळग्यातही घर असतं आणि अख्खं खोड पोकळ असलं तरी असतं.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा. झाड निरोगी आहे का, आणि झाड भक्कम आहे का. पाणी वर नेणारं लाकूड खोडाच्या बाहेरच्या थरात असतं. मधला गाभा बहुतांशी मेलेलाच असतो. म्हणून गाभा कुजलेलं झाड वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं, फुलतं, आणि तरीही जोराच्या वाऱ्यात मोडू शकतं. उलट, पानं विरळ झालेलं झाड बुंध्यात अगदी दणकट असू शकतं. समितीतले दोन तट बहुतेक याच गोंधळामुळे पडले आहेत. एकजण पालवी दाखवतो, दुसरा ढोली दाखवतो, आणि दोघं वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात.

रॉकेल अजिबात नको. ते सालीखालच्या जिवंत थरापर्यंत झिरपतं आणि तो भाग मारतं. म्हणजे झाड जी कड बंद करायला बघतंय तीच जाते. सिमेंटही नको. वाऱ्यात खोड वाकतं, सिमेंट वाकत नाही. मग दोघांमध्ये फट पडते, फटीत पावसाचं पाणी साठतं आणि कुजणं जोरात सुरू होतं. शिवाय पुढे कधी झाड कापायची वेळ आली तर करवतीची साखळी त्यावर तुटते आणि माणूस जखमी होतो. पाणी निघावं म्हणून खालून भोक पाडायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. अमेरिकन वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून तो कोंडून ठेवतं. ड्रिलने तीच भिंत फुटते आणि बुरशीला ताज्या लाकडात वाट मिळते. त्याच कारणासाठी ढोली पटाशीने 'पांढरं लाकूड लागेपर्यंत' खरवडायची नाही. हाताने सुटेल तेवढा भुगा काढा, बस्स.

---

भुसा_तपासा

वरचं सगळं पटतं. एक भर घालतो: ढोलीखालचा भुसा टाकून देऊ नका. पांढऱ्या कागदावर चमचाभर घ्या आणि भिंगातून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

मुंग्यांनी बाहेर टाकलेला भुसा मिसळ असतो. लाकडाचे तंतू, मातीचे कण, आणि त्यातच किड्यांचे पाय, पंख, मेलेल्या मुंग्या, कोषांची टरफलं. हा घरातला केर आहे, याची काळजी नाही.

नुसत्या लाकडाचा, एकसारखा, कधी दोऱ्यासारखा तंतुमय भुसा आणि सोबत सालीवरून ओघळलेला चीक दिसला तर आत खोडकिडा आहे, ज्याला बागायतदार भिरूड म्हणतात. आंब्यात तो बाटोसेरा जातीचा असतो, अळी बोटाएवढी होते आणि जिवंत लाकूड खाते. हे खरं नुकसान. छिद्र ताजं असेल तर सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आकडा करायचा, आत फिरवून अळी ओढून काढायची आणि छिद्र ओल्या चिकणमातीने लिंपायचं. आठ दिवसांनी बघा. लिंपण फोडून परत भुसा आला तर अळी आतच आहे किंवा दुसरी आहे.

सालीवर रेशमात गुंफलेल्या विष्ठेची तपकिरी जाळी, नागमोडी पट्ट्यासारखी, फांद्यांच्या बेचक्यापासून निघालेली दिसली तर ती साल खाणारी अळी. दिवसा ती बेचक्यातल्या भोकात असते, रात्री जाळीखालून साल खाते. जाळी खरवडून काढा आणि भोकात तार घाला.

सालीवर मातीचे पापुद्रे म्हणजे वाळवी, पण तिथेही घाबरण्याआधी पापुद्रा झाडूने काढून खालची साल नखाने खरवडा. खाली ओला, हिरवट किंवा गुलाबीसर थर लागला तर वाळवी फक्त वरची मेलेली साल खात होती, झाडाचं काही बिघडलेलं नाही. हे फार वेळा दिसतं. कोरडं लाकूड उघडं पडलं किंवा माती ढोलीच्या आत भरलेली निघाली, तर मात्र गाभ्यात वाळवी आहे असं धरून पुढची तपासणी करा.

बुंध्याशी असलेल्या काळ्या मुंगळ्यांकडे मोठ्या झाडाच्या बाबतीत दुर्लक्ष करा. त्यांची बिळं मातीत असतात, मुळांना धक्का लागत नाही, उलट माती भुसभुशीत होते. अडचण होते ती नव्याने लावलेल्या रोपाला आणि कुंडीला. बिळांमुळे मुळांभोवती पोकळी होते, घातलेलं पाणी त्यातूनच निघून जातं आणि रोप पाणी देऊनही सुकतं. तिथे पाणी सावकाश, दोन-तीन टप्प्यांत घालून माती बसवली की मुंगळे आपोआप जागा बदलतात.

---

कोकणपरसू_ठाणे

आंब्याबद्दल लिहितो. या विणकर मुंग्या, कोकणात ओंबील म्हणतात त्या. घर पूर्णपणे जिवंत पानांचं. कामकरी मुंग्या साखळी करून दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरतात आणि बाकीच्या तोंडात अळ्या धरून त्यांच्या रेशमाने शिवतात. त्यामुळे या घरावरून खोडाबद्दल काहीही कळत नाही. कळतं एवढंच की झाडाला ताजी, लवचीक पानं आहेत. वसाहत एकच, पण घरं अनेक झाडांवर पसरलेली, आणि राणी त्यातल्या एकाच घरात. पानं वाळली की ते घर सोडून नवं शिवतात. म्हणून तपकिरी पडलेले गोळे बहुतेक रिकामे असतात.

कीड मारायला या मुंग्यांचा उपयोग फार जुना. चीनमध्ये इ.स. ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात संत्र्याच्या बागांसाठी यांची घरटी बाजारात विकत मिळत असल्याची नोंद आहे. आंब्यावरही अळ्या, ढेकूण आणि फळमाशी या मुंग्या आवरतात. मुंग्यांनी मारलेला किडा दिसत नाही, चावलेला माणूस दिसतो, म्हणून यांची बाजू कोणी घेत नाही.

पण तुमच्या झाडावरचं ते पांढरं आहे त्याचं उत्तर द्यायला हवं. तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, जास्तीची साखर चिकट्याच्या रूपात टाकतो, मुंग्या तो चिकटा पितात आणि मोबदल्यात ढेकणाला खाणारे ढालकिडे हाकलून लावतात. खालच्या पानांवर सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, तीच तुमची काजळी. बुरशी पानात शिरत नाही, नुसती वर बसते, पण ऊन अडवते.

मुंग्यांवर औषध मारलं तर ढेकूण राहतोच. ढेकणावर उपाय केला की मुंग्यांचं तिथलं काम कमी होतं. क्रम असा ठेवा:

आधी सगळ्यात जास्त माखलेल्या डहाळ्या कापून पिशवीत बांधा. खाली टाकून ठेवल्या तर पिल्लं चालत परत चढतात. मग पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या मागच्या बाजूने. त्यानंतर संध्याकाळी निंबोळी तेल ५ मि.ली. आणि पातळ साबण २ मि.ली. प्रति लिटर पाणी. आधी साबण पाण्यात, मग तेल, सतत ढवळत. तेल आधी घातलं की ते वर तरंगतं, पहिल्या पंपात नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या पंपातलं तेल पानं जाळतं. कडक उन्हात फवारलं तरी पानं करपतात. दहा-बारा दिवसांनी परत. पाऊस लागून हवा दमट झाली की व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडे मारणारी बुरशी ५ ग्रॅम प्रति लिटर चांगली चालते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती वाया जाते.

डोक्याच्या उंचीला असलेलं घरटं तेवढं काढा, तेही पहाटे, मुंग्या थंड असताना. लांब दांड्याच्या कात्रीने डहाळी कापून पाण्याच्या बादलीत. हातांना टाल्कम पावडर चोळली तर मुंग्यांना पकड मिळत नाही. मुंग्यांनी मारलेला फवारा डोळ्यात गेला (ते फॉर्मिक आम्ल असतं) तर साध्या पाण्याने भरपूर वेळ धुवायचं. तीन-चार मीटरच्या वरची घरटी राहू द्या.

---

भुसा_तपासा

वरच्या मताशी एका मुद्द्यावर मतभेद. ढेकूण खूप असेल तर फवारणीसोबत काही आठवडे मुंग्यांची चढण बंद केलीच पाहिजे, नाहीतर ढालकिड्यांना शिरकाव मिळत नाही. खोडाभोवती २५ ते ३० सें.मी. रुंद जाड प्लॅस्टिकचा पट्टा, खालच्या कडेला चिकणमातीचा लेप, पट्ट्यावर ग्रीस. ग्रीस थेट सालीवर कधीच नको, साल मरते. आणि सुतळी सैल बांधा, दोन महिन्यांत सोडा. विसरलेली सुतळी हळूहळू सालीत रुतते आणि झाडाला फास बसतो.

---

कोकणपरसू_ठाणे

चालेल, पण मग शेजारच्या झाडाला, भिंतीला आणि केबलला टेकलेल्या फांद्या आधी सोडवा. ओंबील पट्टा ओलांडत नाही, ती केबलवरून येते. पूल तसेच ठेवले तर पट्ट्याचा काही उपयोग नाही.

---

पानाखाली

रेन ट्रीवरचा गोळा पागोडा मुंग्यांचा, म्हणजे क्रेमॅटोगॅस्टर. चघळलेले वनस्पतीचे तंतू, शेण, माती यांचा लगदा करून फांदीभोवती बांधतात. जवळून पाहिलं तर कौलांसारखे एकावर एक थर दिसतात, त्यामुळे पावसाचं पाणी बाहेरून निथळून जातं. मुंग्या छोट्या, चिडल्या की बदामाच्या आकाराचं पोट डोक्याच्या वर उचलतात. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ही घरटी बघायला मिळतात. तांबूस सुतारपक्षी चक्क याच घरट्यात भोक पाडून, आतल्या मुंग्यांसकट, आपली अंडी घालतो. म्हणून कृपा करून ते काढू नका.

घरटं फांदीच्या बाहेर आहे, त्यामुळे फांदी पोकळ असल्याचा तो पुरावा नाही. फक्त एक बघा: ती फांदी जिवंत आहे का. घरट्याच्या पुढे पालवी असेल तर प्रश्न मिटला. फांदी वाळलेली असेल तर ती मुंग्या असोत-नसोत काढायला हवी, कारण रेन ट्रीची वाळकी फांदी पहिल्या पावसात भिजून जड होते आणि पडते.

आणखी एक गैरसमज. रेन ट्री, भेंड आणि देशी बदाम यांच्या पानांवर किंवा देठांवर मधग्रंथी असतात. तिथे मुंग्या घुटमळताना दिसल्या तर तो रोग नाही, झाड स्वतःच मुंग्यांना राखणीला बोलावतं. पण रेन ट्रीवर पिठ्या ढेकूण आहे का ते मात्र दुर्बिणीने जरूर बघा. मुंबई परिसरात कित्येक जुने रेन ट्री या ढेकणाच्या हल्ल्यानंतर वाळले. शेंड्याकडच्या फांद्या पावसाळ्यातही उघड्या राहिल्या तर ते गंभीर लक्षण आहे. फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ मोजू नका, ती रेन ट्री आणि गुलमोहर दोघांचीही नेहमीचीच.

---

ढोलीवाचक

गुलमोहर भक्कम आहे का ते पाहायला यंत्राच्या आधी घरच्या साधनांनी पहिली चाचणी करता येते. लागणारं सामान: मोजपट्टी, लाकडी किंवा नायलॉनचा हातोडा (लोखंडी नको, साल फुटते), मीटरभर लांब गुळगुळीत सळई, टोक काटकोनात वाकवलेली जाड तार, खडू.

हातोडा जमिनीलगत, कमरेला आणि ढोलीच्या उंचीला, दर १५ सें.मी. वर टकटक करत खोडाभोवती फिरवा. भरीव जागी आवाज छोटा आणि टणक येतो, पोकळ जागी घुमतो. सुटलेल्या सालीखालीही पोकळ वाजतं, म्हणून शंका आली तिथे साल दाबून बघा. घुमणाऱ्या जागा खडूने जोडा.

मग सळई ढोलीतून आडवी, समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत. तारेने डावी-उजवी रुंदी. हे काम पहाटे करा, मुंग्या आहेत.

हिशोब असा. घेर भागिले ६.२८ म्हणजे त्रिज्या. १६५ ला ती २६ सें.मी., सालीचा एक वजा केला तर २५. सगळीकडून निदान त्रिज्येच्या तीन दशांश इतकं भरीव लाकूड उरलेलं असावं, हा जर्मन संशोधक क्लाउस मॅथेक यांचा ढोबळ नियम जगभर वापरतात. तुमच्या झाडाला ते साडेसात सें.मी. होतं. पण नियमाच्या मर्यादा ध्यानात घ्या. तो बंद पोकळीसाठी आहे. ढोलीचं तोंड घेराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं मोठं असेल तर लावू नका. आणि गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्यामुळे काठावर पास झालेला आकडा मी पास धरत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. ढोली डोळ्यासमोर असते म्हणून सगळे वर बघतात. नवी मुंबईतली झाडं पावसात नुसती मोडत नाहीत, मुळासकट उपटतातही. वाशी-नेरुळचा बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालून झालेला आहे. मुळं उथळ पसरतात, वरून पेव्हर ब्लॉक, बाजूने गटार. म्हणून बुंधा बघा. मुळं खोडातून बाहेर पडतात तो पसरट भाग दिसतो की मातीत गाडला गेलाय? गेल्या काही वर्षांत जवळून चर खोदला होता का, किती अंतरावर? माती एका बाजूने उचलली गेलीय का, भेग आहे का? बुंध्याला फणसोंब्यासारखी (फणसाच्या खोडावर वाढणारी लाकडी बुरशी) कडक अळंबी, तपकिरी, वरून चकचकीत, कडेला पांढरी, आलेली आहे का? वाळलेली, जुनी असली तरी ती मोजायची.

---

सेक्टरबाग_नेरुळ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मापं घेतली.

भुशात मुंग्यांचे पाय आणि टरफलं निघाली. चीक कुठेच नाही. ढोलीच्या उंचीला खोडाचा व्यास ५२ सें.मी. सळई तोंडापासून ३४ सें.मी. आत जाऊन टेकते, टोकाला टणक लागतं. आतली रुंदी तारेने ३० सें.मी. खाली १५-२० सें.मी. भुगा आहे, कोरडा.

बुंध्याचं मात्र वेगळंच निघालं. रस्त्याच्या बाजूला साधारण ६० सें.मी. अंतरावरून पाइपसाठी चर गेलेला आहे, बुजवलेला दिसतो. त्याच बाजूला जमिनीलगत पेव्हरच्या फटीत तळहाताएवढी दोन अर्धगोल, लाकडासारखी कडक अळंबी आहेत. जुनी वाटतात. हातोडा मारला तर त्या बाजूला घेराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यात आवाज घुमतो. झाड गेटकडे, म्हणजे चराच्या उलट दिशेला, किंचित झुकलेलं आहे.

---

ढोलीवाचक

मापं नीट घेतलीत, त्यामुळे स्पष्ट बोलता येतं.

ढोलीच्या जागी झाड पास आहे. मागची भिंत ५२ वजा ३४ म्हणजे १८ सें.मी. पोकळी मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना सुमारे ११. साल वजा करूनही साडेसातच्या बऱ्यापैकी वर. तोंड घेराच्या तेरा-चौदाव्या हिश्श्याइतकंच. मुंग्या राहत असलेल्या जागेमुळे हे झाड काढायचं कारण नाही.

बुंध्याची गोष्ट गंभीर आहे. ती अळंबी बहुधा गॅनोडर्मा. गुलमोहराची मुळं आणि बुंधा कुजवण्यात ही बुरशी आघाडीवर असते. अळंबी बाहेर दिसते तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. चर ६० सें.मी. वरून गेला म्हणजे त्या बाजूची आधाराची मुळं बहुतेक तुटलीत, आणि तुटलेल्या मुळातून बुरशीला आयती वाट मिळते. झुकाव गेटकडे आणि कमकुवत मुळं त्याच्या पाठीमागे. झाडाला मागून ताणून धरणारी मुळं तीच. म्हणून ही मांडणी सगळ्यात वाईट.

आत्ता काय करायचं. झाडाच्या उंचीएवढ्या अंतरात, विशेषतः गेटच्या बाजूला, पार्किंग आणि वॉचमनची खुर्ची आजच हलवा. बुंध्याभोवतीचे पेव्हर हाताने काढा, निदान एक मीटर मोकळं करा, माती हाताने सरकवून मुळं बघा. फावडं आणि पहार लावू नका. मग उद्यान विभागाला प्रत्यक्ष पाहणीसाठी बोलवा आणि ध्वनी टोमोग्राफ किंवा रेझिस्टोग्राफने (खोडाच्या आतली कूज आणि पोकळी दाखवणारी यंत्रं) बुंध्याची चाचणी मागा. नुसती ढोली तपासून अहवाल दिला तर तो निरुपयोगी आहे.

परवानगी मिळाली की गेटकडच्या बाजूचं वजन कमी करा. शेंडे दीड-दोन मीटर आत घ्यायचे, पण जिथे कापाल तिथे कापलेल्या फांदीच्या निदान तिसऱ्या हिश्श्याइतकी जाड उपफांदी शिल्लक हवी. एकूण पर्णभार एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. झाड बोडकं केलं तर पुढच्या पावसाळ्यात जे घुमारे फुटतात ते वरवर जोडलेले असतात आणि तेच तुटून पडतात.

जाड फांदीला तीन काप. पहिला खालून, खोडापासून ३० सें.मी. वर, एक तृतीयांश खोल. दुसरा वरून, त्याच्याही पाच सें.मी. बाहेर. फांदी सुटली की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, फुगीर कडेच्या बाहेरून. पहिला काप टाळला तर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते.

---

पानाखाली

कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावावी की नाही?

---

कोकणपरसू_ठाणे

बागेत आम्ही लावतो. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, मग एकत्र. लोखंडी भांडं नको. स्वच्छ खिळा मिनिटभर बुडवा, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरायची.

---

ढोलीवाचक

लावायला हरकत नाही, पण खोल कुजणं त्याने थांबत नाही. काप बरोबर जागी घेतला तर पेस्टवाचून भागतं, चुकीच्या जागी घेतला तर पेस्टने वाचत नाही. डांबर आणि ऑइल पेंट मात्र नको, त्याखाली ओल कोंडते.

---

अर्जदार_बेलापूर

परवानगीचं सांगतो, कारण ठेकेदार हा भाग नेहमी गाळतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड सोसायटीच्या खासगी आवारात असलं तरी ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीही परस्पर करू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष धरलं जातं, आणि तोडायची परवानगी मिळाली तर त्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणून वय अंदाजे नको. सोसायटीच्या ताब्याची तारीख, जुने फोटो, जे मिळेल ते जोडा.

अर्जात "झाडाला मुंग्या लागल्या आहेत" असं लिहू नका. ते धोक्याचं कारण होत नाही आणि पाहणीला आलेला माणूस ढोली बघून परत जातो. लिहा: बुंध्याला रस्त्याच्या बाजूने अळंबी, घेराच्या चौथ्या हिश्श्यात पोकळ आवाज, ६० सें.मी. अंतरावरून गेलेला चर, गेटकडे झुकाव, खाली रहदारी. फोटो चार: पूर्ण झाड दोन बाजूंनी, अळंबी मोजपट्टीसह, चराची रेषा खोडापासून अंतरासह. आवक क्रमांक घेतलेली प्रत जपून ठेवा. आंबा आणि रेन ट्री याच अर्जात घालू नका, एकाच पाहणीत तिघांवरही "छाटणी" असा शेरा पडतो.

---

सेक्टरबाग_नेरुळ

अर्ज उद्याच देतो, फक्त गुलमोहराचा. पार्किंगच्या दोन जागा आज रिकाम्या केल्या. एक शंका उरली: ढोलीत पावसाचं पाणी साठून डासांची पैदास होईल, असं काही सभासद म्हणतायत.

---

भुसा_तपासा

तळाचा भुगा कोरडा आहे आणि मुंग्या आत राहतात, म्हणजे सध्या तिथे पाणी थांबत नाही. पाऊस लागल्यावर पहिल्या आठवड्यात सळईला कापड गुंडाळून तळ तपासा. ओलं नुसतं असेल तर सोडून द्या. पाणी साचलेलं मिळालं तर जाड वाळू तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत सैल भरा, ठासायची नाही. त्याआधी आत पोपट किंवा तांबट पक्ष्याचं घरटं नाही ना, हे टॉर्चने बघून घ्या.